साडेचारशेची दुनळी

मुकुंददादा गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. पहिल्यांदा वहिनींच्या फोनवरून. शनिवारची सकाळ होती, सिंगापुरात आमच्या बेडोकच्या बाजारात मी मासळीवाल्यापुढे रांगेत उभी होते, आणि वहिनी एवढंच म्हणाल्या, "मीनल, घरी ये गं. हे गेले." मी रांग सोडून पळाले. दोन ब्लॉक ओलांडून लिफ्टपाशी पोचेपर्यंत वाटत होतं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलंय... वर गेले तर दादा पलंगावर शांत पडलेला, चष्मा उशाशी, आणि ॲम्ब्युलन्सची माणसं आपली पेटी बंद करत होती. झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. साठी गाठायला थोडं राहिलं होतं. दुसऱ्यांदा ती बातमी मिळाली संध्याकाळी, इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. हात जोडल्याच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'संगीतप्रेमी, गिर्यारोहणाची आवड असणारे, मितभाषी आणि मनमिळाऊ मुकुंदराव आपल्याला सोडून गेले.' माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं आणि अंगाचा तिळपापड झाला. दादा गाण्याच्या बैठकीत पहिल्या अर्ध्या तासात घोरायला लागायचा. एमआरटीचा सरकता जिना बंद असला की लिफ्ट शोधत स्टेशनभर फिरायचा, त्याला गिर्यारोहक करून टाकला! आणि मितभाषी? त्याच्या विषयावर त्याला कुणी एक प्रश्न विचारून बघायचा होता. तो विषय मात्र त्या संदेशात नव्हता. ज्या गोष्टीचा या माणसाने उभा जन्म ध्यास घेतला, तिचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं.

ती गोष्ट म्हणजे दुनळी रायफल. दचकू नका. दादा इथे सिंगापुरात राहत होता, आणि इथला हत्यारांचा कायदा काय आहे ते त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याच्या घरात बंदूक तर सोडाच, काडतुसाची रिकामी पुंगळीही नव्हती. ईशा, त्याची मुलगी, लहान असताना कुणीतरी वाढदिवसाला पाण्याची पिचकारी-बंदूक दिली, तीही त्याने परत केली. म्हणाला, "इथे राहायचं तर इथल्यासारखं." तो शिकारीही नव्हता. जनावर मारायची त्याला हौस नव्हती, आणि आयुष्यात त्याने गोळ्या झाडल्या त्या फक्त कागदावर, त्याही परदेशात, परवाना असलेल्या माणसाच्या जागेत, त्याच्या देखरेखीखाली. त्याला ती बंदूक बनवायची होती ती वेगळ्याच कारणासाठी. ते कारण सांगायचं तर मला आमच्या गावापासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव सावंतवाडीकडचं. माझे काका, म्हणजे दादाचे वडील, यांच्या भातशेतीत आणि काजूच्या बागेत रानडुकरांनी उच्छाद मांडला होता, म्हणून पीक-संरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे तोंडातून दारू ठासायची, एक बार काढायचा आणि पुन्हा ठासत बसायचं. एकदा काकांचा बार हुकला आणि डुक्कर त्यांच्यावर चालून आलं. काका बंदूक टाकून काजूच्या झाडावर चढले आणि खाली डुक्कर फुरफुरत उभं राहिलं. माणसं जमून आरडाओरडा झाला तेव्हा कुठे ते गेलं. काका घरी आले ते फाटलेलं धोतर सावरत, आणि सगळं घर पोट धरून हसलं. दादा तेवढा हसला नाही. "दुसरी गोळी लगेच झाडता आली असती तर?" एवढंच त्याने विचारलं. पुढे पुण्याला धातुशास्त्र शिकला, इथल्या जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत लागला, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसून आयुष्यभर तडे गेलेल्या पोलादाचे अहवाल लिहिले; पण तो प्रश्न काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. मी पण पुढे इथे नोकरीला आले, बेडोकलाच घर घेतलं, आणि रविवारी सकाळी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, दादाबरोबर कोपी (इथली कॉफी) प्यायची आणि दुनळीवरचं प्रवचन ऐकायचं, हा माझा कुळाचारच झाला. बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे ऐकताना मी शंका फार काढायचे. त्याला ते आवडायचं.

त्याने मला दुनळी समजावली ती दोन स्ट्रॉ घेऊन. "दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या दिसतात ना, त्या समांतर नसतात," तो म्हणाला. "पुढे त्या किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात. बार निघाला की प्रत्येक नळी आपापल्या बाजूला झटका देते. तो झटका हिशेबात धरून त्या जुळवायच्या, म्हणजे दोन्ही गोळ्या एकाच जागी पोचतात." हे जुळवणं कागदावरच्या गणिताने होत नाही. झाडून बघायचं, सांधा सैल करायचा, नळी केसभर हलवायची, पुन्हा झाडून बघायचं. आणि ज्या काडतुसावर जुळवली तेच काडतूस जन्मभर वापरायचं. दुसरं घातलं की दोन नळ्यांची तोंडं दोन दिशांना. म्हणून या रायफली बंगल्याच्या भावात विकल्या जातात. "आणि घेतं कोण? ज्याला हौस आहे तो," दादा तावातावाने म्हणायचा. "ज्याच्या अंगावर जनावर येतं, ज्याला दोन गोळ्यांमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो, त्याच्या हातात काय? जुनाट एकनळी. एक गोळी झाडली की बोल्ट ओढून दुसरी आत घेत बसा. का? तर तो गरीब आहे." शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजीबाई वळून बघायच्या, मी त्याला आवाज कमी करायला सांगायचे, आणि तो दोन मिनिटं आवाज कमी करायचा.

एका जहाजाच्या चीफ इंजिनियरचा भाऊ नामिबियात राहायचा, योहान त्याचं नाव. परवाना असलेला बंदूक कारागीर. त्याची आणि दादाची मैत्री जुळली आणि दादा दर वर्षी रजा काढून तिकडे जायला लागला. बाकीचे मराठी लोक बालीला जात, दादा योहानच्या कारखान्यात कानस घासायला जायचा. वहिनी सुरुवातीला दोनदा बरोबर गेल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही जा, मी इथे सुखात आहे." दादाचं डोकं चालायचं ते स्वस्ताईवर. नवा सांगाडा कशाला? जुन्या धडधाकट दुनळी शॉटगनचा, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीचा, सांगाडा घ्यायचा, त्याला पेलेल असं कमी दाबाचं जुन्या धाटणीचं काडतूस निवडायचं, नक्षीकाम शून्य, आणि सगळा वेळ फक्त नळ्या जुळवण्यावर खर्च करायचा. पोलादाचा कुठला तुकडा घ्यायचा आणि कुठला नाकारायचा, हे त्याच्यावर सोपवलेलं असायचं, आणि त्यात तो कुणाचं ऐकायचा नाही. योहानने निम्म्या कामानंतर एकदा मिनतवाऱ्या केल्या तरी त्याने एक सांगाडा भंगारात काढायला लावला, कारण त्यात त्याला केसाएवढी भेग दिसली होती.

पण त्याचा खरा आग्रह होता कॅलिबरच्या निवडीवर. नळीचं भोक, म्हणजे बोअर, किती मोठं, काडतूस किती जाड, यावर या शौकातले लोक भांडत बसतात, आणि बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात. दादा म्हणायचा, "आधी वजन, मग बोअर." दिवसभर रानातून चालताना स्वतःच्या हातात किती वजन पेलता ते आधी ठरवा. बोअर मोठा घेतलात तर दणका सोसायला बंदूकही जड लागते. जड झाली की ती तुम्ही दुसऱ्याच्या खांद्यावर देता, आणि दुसऱ्याच्या खांद्यावरची बंदूक वेळेला तुमची नसते. दुसरं म्हणजे खांदा. सरावात पुन्हा पुन्हा झाडूनही डोळे मिटणार नाहीत, असाच बोअर घ्यायचा. या दोन चाळण्या लावल्या की धडधाकट माणसासाठी त्याचं उत्तर ठरलेलं होतं: साडेचारशे, म्हणजे इंचाचे हजार भाग धरले तर साडेचारशे भाग रुंद. कमी दाबाचं, जुनं, विश्वासू काडतूस, आणि बंदूक पाच किलोच्या आसपास.

हे सगळं तो ज्यांना समजावून थकला, त्या गृहस्थांना मी या लेखात नुसतं 'साहेब' म्हणणार आहे. खरं नाव लिहिलं तर संपादक कापतील, आणि ज्यांना कळायचं त्यांना तसंही कळेल. साहेब मरीन परेडला मोठ्या कॉन्डोत राहतात, मोठ्या हुद्द्यावर आहेत, इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत असतात. काही वर्षांपूर्वी त्यांना आफ्रिकेत, नामिबियातच, शिकारीला जायची लहर आली. तिकडे परवाना काढून, पैसे भरून ते कायदेशीर करता येतं. मग दुनळी हवी, ती तिथेच शिकारीच्या कंपनीच्या तिजोरीत ठेवायची, असं ठरवून ते सल्ला घ्यायला दादाच्या घरी आले. मी तिथे होते. दादाने विचारलं, "दिवसाला किती चालणार?" साहेब हसले, "अहो, चालायला माणसं असतात की! तुम्ही बोअर सांगा." दादा म्हणाला, "साडेचारशे." साहेबांनी नाक मुरडलं. "ते तर नवशिक्यांचं." "तुम्ही नवशिकेच आहात," दादा म्हणाला. वहिनी तेवढ्यात पोहे घेऊन आल्या म्हणून निभावलं. साहेबांनी पुढे युरोपातून कुठूनशी सहाशेची दुनळी मिळवली. दुनळ्यांमधली जवळजवळ सगळ्यांत दांडगी. वजन साडेसात किलो. तिचे फोटो त्यांनी लिफ्टमध्ये भेटणाऱ्यालासुद्धा दाखवले.

पुढे जे झालं ते मला दादाने सांगितलं, आणि दादाला सांगितलं ते टोबियासने. टोबियास हा तिथला ट्रॅकर. जनावराचा माग काढत सगळ्यांच्या पुढे चालणारा माणूस. साहेबांची ती सहाशेची सकाळपासून त्याच्याच खांद्यावर होती, कारण साहेबांना ती घेऊन चालवत नव्हतं. रानरेडा दिसला तेव्हा त्याने ती साहेबांच्या हातात दिली आणि स्वतः मोकळ्या हातांनी बाजूला झाला. दुनळीला दोन चाप असतात, एकेका नळीला एकेक. साहेबांनी पहिला चाप ओढला. दणका असा बसला की बोट घसरून मागच्या चापावर आदळलं आणि दुसराही बार त्याच क्षणी निघून गेला. एक गोळी रेड्याच्या पोटात, दुसरी आभाळात. दोन नळ्यांची बंदूक, आणि दोन्ही रिकाम्या. चिडलेला रेडा आला तो बाजूला उभ्या असलेल्या टोबियासवरच. सोबतच्या मार्गदर्शकाने त्याला शेवटी पाडलं, पण तोवर टोबियासचा उजवा पाय कामातून गेला होता. गुडघ्याच्या वर कापावा लागला. नंतर ती रायफल तपासायला योहानकडेच आली. तिच्यात काहीच दोष नव्हता. सरावाला साहेबांनी ती किती झाडली होती, असं योहानने कंपनीला विचारलं, तर कळलं की पहिल्याच बाराला खांदा सुजला म्हणून नंतर त्यांनी सरावच केला नव्हता.

आता ऐका, मरीन परेडला ही गोष्ट कशी सांगितली गेली. कॉन्डोच्या पोहण्याच्या तलावाशेजारी बार्बेक्यू होतं, आम्ही सगळे होतो. साहेब कोंबडीचे तुकडे उलटत सांगत होते, "रेडा चार्ज करत आला. मी ठाम उभा. पण आमचा ट्रॅकर घाबरला आणि पळत सुटला, नेमका रेड्याच्या वाटेत. काय करणार... आपल्या हातात काही नसतं." बायका हळहळल्या. कुणीतरी म्हणालं, "तुम्ही वाचलात हे महत्त्वाचं." दादाने हातातली प्लेट खाली ठेवली. तेव्हा तो टोबियासला नुकताच भेटून आला होता.

"दुसरा बार कुठे गेला?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"दुनळीत दोन बार असतात, साहेब. एक रेड्याच्या पोटात गेला. दुसरा कुठे गेला?"

साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पण ते पाहायला कुणी थांबलं नाही. कुणी गाणी लावली, कुणी मुलांना हाका मारल्या. त्या दिवसापासून दादाला त्या घरचं बोलावणं बंद झालं, आणि हळूहळू बऱ्याच घरांचं. 'मुकुंदला बोलायचं भान नाही,' असं सगळ्यांचं एकमत झालं. एका माणसाचा पाय गेला, वर त्याच्यावरच भित्रेपणाचा शिक्का बसला, आणि भान नव्हतं म्हणे मुकुंदला! या वाक्यापाशी आले की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. बंदूक नको म्हणणाऱ्या माणसांचा मी आदर करते. माझ्या स्वतःच्या आईला काकांची ठासणीची बंदूक ओटीवर टांगलेली चालायची नाही. पण बार्बेक्यूवर शिकारीचे किस्से मिटक्या मारत ऐकायचे आणि खरं विचारणाऱ्याला वाळीत टाकायचं, ही कुठली अहिंसा?

दादाने त्यावर वाद घातला नाही. त्याने काम सुरू केलं. टोबियासच्या गावात शेतात रानरेडे आणि हत्ती येतात. त्यांना हुसकायला गावाने राखणदार नेमलेत, परवाना आणि बंदूक गावाच्या समितीची. टोबियासचा धाकटा भाऊ त्या राखणदारांत लागला होता. त्यांच्याकडची रायफल किती जुनी आहे ते पाहून दादाला आपले वडील आठवले... "कोकणातलं डुक्कर आणि तिकडचा रेडा, फरक फक्त आकाराचा," तो मला म्हणाला. "माणूस तोच. पीक राखायला गेलेला, आणि हातात एकच गोळी." त्यानंतरच्या सगळ्या रजा या एका बंदुकीवर गेल्या. साडेचारशेची, पाच किलोची, नक्षी नसलेली. मागचा चाप थोडा मागे आणि थोडा कडक, म्हणजे दणक्याने बोट घसरलं तरी दुसरा बार हातचा जाऊ नये. ते त्याने टोबियासला समोर बसवून, त्याला विचारून ठरवलं. गावाला परवडेल एवढीच किंमत लावायची, त्यात योहानची मजुरी निघेल आणि दादाला काही नको, असा करार झाला. पुढच्या महिन्यात तो नळ्या जुळवायच्या शेवटच्या फेरीला जाणार होता. तिकीट काढलेलं होतं. ती फेरी योहानने एकट्याने केली, आणि दादा गेल्यानंतर काही दिवसांनी वहिनींना फोन करून सांगितलं की दोन्ही गोळ्यांची भोकं एका तळहाताखाली झाकली जातात. वहिनींनी ते मला तसंच सांगितलं.

एवढं सगळं केलेल्या माणसाची शोकसभा. ती कुठे? मरीन परेडच्या त्याच कॉन्डोच्या हॉलमध्ये. अध्यक्ष कोण? साहेब. आदल्या दिवशी त्यांचा मला फोन आला. आवाज अगदी मऊ. "मीनलताई, तुम्ही दोन शब्द बोलणार आहात ना? फक्त एक विनंती, तो बंदुकीचा विषय नको. इथला कायदा तुम्हाला माहीत आहे, आपल्यातले निम्मे लोक एम्प्लॉयमेंट पासवर, नोकरी आहे तोवरच इथे आहेत. उगाच कुणाचा गैरसमज नको. शिवाय वहिनींनाही त्रास होईल." मी म्हटलं, "साहेब, दादाने इथला एकही कायदा कधी मोडला नाही. गैरसमज नेमका कुणाबद्दल होईल अशी भीती आहे तुम्हाला?" त्यांनी फोन ठेवला. वहिनींच्या घरी मी हे तणतणत सांगितलं तर ईशाच कळवळून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "आत्या, डोन्ट फाइट ला. आई सो टायर्ड ऑलरेडी." पोरीचं चुकलं नव्हतं. वडील गेलेत, आई जेवत नाही, आणि आत्या युद्धाच्या पवित्र्यात. वहिनी मात्र आमचं ऐकत कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. त्या कधीच फार बोलत नाहीत, आणि लोक त्याचा अर्थ त्यांना काही कळत नाही असा लावतात.

सभेत पडद्यावर दादाचे फोटो फिरत होते, मागे बासरी. एकाने त्याच्या संगीतप्रेमाबद्दल सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं की तो डोंगरासारखा स्थिर होता, बहुधा ते गिर्यारोहण कुठेतरी बसवायचं म्हणून. माझी पाळी आली. मी काकांच्या काजूच्या झाडापासून सुरुवात केली, लोक हसले, मग मी दोन स्ट्रॉंपर्यंत आले, नळ्या जुळवण्यापर्यंत आले... आणि 'टोबियास' हे नाव माझ्या तोंडातून निघालं मात्र, साहेब उठून उभे राहिले. "मीनलताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. वेळेअभावी आता आपण प्रार्थनेला सुरुवात करू या." कुणीतरी पेटीवर सूर धरला. खुर्च्या सरकल्या, सगळे हात जोडून उभे राहिले. माझा माइक चालू होता, पण प्रार्थनेच्या मध्ये कोण बोलणार? देवाचं नाव पुढे करून माझ्या भावाचं तोंड पुन्हा एकदा बंद केलं त्यांनी. टोबियास घाबरून पळाला, हे त्या हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने दुसऱ्याची साडेसात किलोची बंदूक दिवसभर वाहिली आणि त्या बंदुकीने त्यालाच दगा दिला, हे सांगणारा एकच माणूस आमच्यात होता, आणि आता तो नाही. तिथे बोलू दिलं नाही म्हणून मी इथे लिहिते आहे.

त्यानंतर आठवड्याभराने साहेब मंडळातल्या तिघाचौघांना घेऊन वहिनींना भेटायला आले. मी आणि ईशा तिथेच होतो. फळांची करंडी टेबलावर ठेवली गेली, 'फार लवकर गेले' झालं, 'तब्येतीला जपा' झालं. मग साहेब सोफ्यावर रेलून म्हणाले, "वहिनी, मंडळाच्या वाचनालयात मुकुंदरावांची आठवण म्हणून काहीतरी ठेवावं असं आमच्या मनात आहे. त्यांच्या आवडीची एखादी वस्तू. तंबोरा वगैरे काही असेल तर..." मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी उठल्या. "आहे ना," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर आडवी घेतलेली एक पिशवी होती. तांदळाची, पाच किलोची, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दोरीने आवळलेली. मी ती बघितली होती, दादाच्या हातात. या देशात बंदूक हातात घेता येत नाही, तांदूळ घेता येतात. राखणदाराला दिवसभर किती वजन पेलेल ते टेबलावर बसून ठरवायचं त्याला पटत नव्हतं. म्हणून रोज ऑफिसातून आल्यावर ती पिशवी कोपरात घेऊन तो ब्लॉकच्या लांब कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायचा. शेजारचे मलाय आजोबा विचारायचे, बेबी झोपलं का? टॉवेल एका जागी, त्याचं कोपर टेकायचं तिथे, घासून पातळ झालेला होता.

"उभे राहा जरा," वहिनी साहेबांना म्हणाल्या. ते गोंधळून उठले. वहिनींनी पिशवी त्यांच्या हातांवर ठेवली. "यांच्या आवडीची वस्तू हीच. पाच किलोची आहे. तुमची साडेसातची होती ना?"

साहेबांनी बरोबरच्या माणसांकडे पाहिलं. त्यातला एक जण फळांच्या करंडीकडे बघत होता, दुसरा आपल्या फोनकडे. "वहिनी, हे... किती वेळ...?" साहेब म्हणाले.

"टोबियास सकाळपासून धरून होता," वहिनी म्हणाल्या. "मी चहा टाकते."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी हाताची घडी घालून उभी राहिले. इतके दिवस मनात जुळवून ठेवलेली सगळी भाषणं माझ्याकडे होती आणि त्यातलं एकही लागलं नाही. साहेबांचे दंड थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. त्यांनी पिशवी हळूच टेबलावर ठेवायला वाकल्यासारखं केलं, तेव्हा भिंतीला टेकून उभी असलेली ईशा म्हणाली, "नॉट येट ला, अंकल."

चहाला उकळी यायच्या आत त्यांनी ती पिशवी मागच्या सोफ्यावर टेकवली, जिथे ते बसले होते तिथेच. मग त्यांना बसायला जागा उरली नाही आणि ती उचलायचं धैर्य झालं नाही. चहा त्यांनी उभ्यानेच घेतला, अर्धा टाकला आणि निघाले. बरोबरची माणसं मागोमाग गेली. त्यातला एक जण, नोकरीच्या पासवर आलेला तरुण मुलगा, दारात चप्पल घालता घालता थांबला आणि मला हलक्या आवाजात विचारलं, "ताई, तो टोबियास... नक्की काय झालं होतं?" मी त्याला सगळं सांगितलं. लिफ्ट दोनदा येऊन गेली.

पिशवी वहिनींनी तिथून उचलली नाही. सोफ्याची ती जागा आता तिचीच आहे. कुणी भेटायला आलं आणि नकळत तिकडे वळलं, की वहिनी म्हणतात, "तिथे नको, इकडे बसा."